मधात न बोलणारी काकू

ती समोरच्याची हनुवटी धरायची. भाजीच्या ठेल्यावरचं वांगं देठाशी धरून फिरवतात, तसं अंगठा आणि एका बोटाने. चेहरा उजेडाकडे वळवायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "मी कोनाच्या मधात नाही बोलत, बापा. पन..." त्या 'पन'च्या पुढे जे यायचं त्यामुळे आमच्या ले-आउटमधली, म्हणजे कॉलनीतली, एक सून महिनाभर माहेरी जाऊन राहिली होती आणि एका निवृत्त मास्तरांनी संध्याकाळी फिरायला जायचा रस्ता बदलला होता.

तुमच्याही गल्लीत अशी एक असेल. तुम्ही तिला तोंडावर काय म्हणता आणि मनात काय, ते तुमचं तुम्हाला माहीत. मी तोंडावर 'अहो काकू' म्हणत असे. मनात ती कायम 'ती'च होती.

तिचं आणि आमचं घर यांच्यामध्ये छातीइतक्या उंचीची एक भिंत आहे. भिंतीपलीकडे तिचं डोकं दिसलं की आई गॅस बारीक करायची, कारण आता लवकर सुटका नाही हे तिला माहीत असायचं. मी आतल्या खोलीत जायची.

माझा खालचा जबडा पुढे होता. लहानपणी थोडा, वाढत्या वयात बराच. समोरचे दात एकमेकांवर यायचेच नाहीत. पोळीचा तुकडा तोडायचा तर मान वाकडी करून बाजूच्या दाढेने. 'स' आणि 'श' नीट निघत नसत, म्हणून मी कमी बोलायची, आणि कमी बोलते म्हणून लोक मला शहाणी समजायचे. घरात याबद्दल कोणी काही म्हणत नसे. ते काम काकूने घेतलं. मी शाळेत होते तेव्हा एकदा तिने भिंतीवरून हात घालून माझी हनुवटी धरली आणि आईला सांगितलं, "निरी सुपली आहे वं ही. पाऊस आला तं पानी साचन हिच्यात." आई हसली. वेळ मारून न्यायला हसली असेल. मला हसणं दिसलं. त्यानंतर कित्येक वर्षं मी शाळेच्या बसमधून उतरले की फाटकातून आवाज यायचा, "आली का वं सुपली?" बसमधली मुलं कॉन्व्हेंटची. त्यांना सुपली म्हणजे काय ते माहीत नव्हतं, एवढंच माझं नशीब. त्यांनी मला विचारलं होतं. मी सांगितलं, पक्ष्याचं नाव आहे.

नागपूरच्या उन्हाळ्याला सगळे नावं ठेवतात. मला तो आवडायचा. एप्रिल-मेमध्ये इथल्या सगळ्या मुली गाडीवर बसताना दुपट्ट्याने तोंड गुंडाळून घेतात, डोळे तेवढे उघडे. सिग्नलला उभ्या असलेल्या वीस मुलींत मी कोणती, ते कोणाला सांगता आलं नसतं. काकूला आलं असतं म्हणा.

मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली, फोनवर परदेशी लोकांशी बोलायचं काम आलं आणि रोज कोणीतरी मला वाक्य पुन्हा म्हणायला लावू लागलं, तेव्हा मी ऑपरेशन ठरवलं. आधी बरेच महिने दातांना तारा. मग खालचा जबडा दोन्ही बाजूंनी कापून मागे सरकवायचा आणि छोट्या पट्ट्या, स्क्रू लावून तिथे बसवायचा. चेहऱ्यासाठी केलंस का, असं पुष्कळांनी विचारलं. घास तोडता यावा म्हणून केलं, नीट बोलता यावं म्हणून केलं. चेहऱ्यासाठीही थोडं केलं असेल, पण तो माझा प्रश्न होता.

ऑपरेशननंतर मी घरी आले ती भर उन्हाळ्यात. वरच्या-खालच्या दातांना रबर अडकवून तोंड जवळजवळ बंद केलेलं. चेहरा भोपळ्यासारखा सुजलेला, गालावरचा निळा डाग उतरत मानेपर्यंत आलेला. जे काही खायचं ते पातळ, तेही सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला. गळ्यात टॉवेल, कारण लाळ गळते ते कळत नसे. दिवसभर पाठीमागे उशा रचून बसायचं आणि समोर कूलरची घरघर ऐकायची. पोटात भूक असायची आणि डोक्यात राग. राग कोणावर, याचा विचार करायला मला फार वेळ लागला नाही.

ती पहिल्याच दुपारी आली. हातात स्टीलचा डबा. आई नको नको म्हणेपर्यंत तिने माझी हनुवटी धरली होती आणि चेहरा खिडकीकडे वळवला होता. मला काहीच जाणवलं नाही. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होती, संवेदना हळूहळू परत येईल असं डॉक्टर म्हणाले होते. तिची बोटं मला दिसत होती, लागत नव्हती. ऑपरेशनचा हा पहिला फायदा, असं मी मनात म्हटलं.

मग ती रोज यायला लागली. कूलरच्या अगदी समोर बसायची, त्यामुळे सगळी हवा तिच्या पदराला. डब्यात तुरीच्या डाळीचं पाणी, मऊ फडक्यातून गाळलेलं, लसूण-जिऱ्याच्या वासाचं. ते चांगलं असायचं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण आईच्या सुपांपेक्षा ते चांगलं असायचं आणि मी ते संपवायची. ती प्रत्येक सिरिंज मोजल्यासारखी बघायची आणि भेटायला आलेल्यांना सांगायची की पोट्टीला मीच जगवून राहिली.

बोलता येत नव्हतं म्हणून मी फोनवर लिहून दाखवत असे. मराठी मला वाचता येतं, पण फोनवर भराभर लिहायचं तर इंग्रजी अक्षरंच हाताला येतात. काकूला ती अक्षरं येत नव्हती. ती फोन बाजूला सारायची. "राहू दे, मले समजलं तुह्यं." आणि मग मला काय म्हणायचं आहे ते आईला सांगायची. मला झोपायचं असेल तर ती म्हणायची, "हिले आनखी डाळ पाहिजे." पंखा बंद करा असं खुणावलं तर, "हिचं डोकं दुखून राहिलं." माझ्या तोंडातून तेव्हा एकच आवाज निघायचा, 'उं'. त्याचा अर्थ ती नेहमी 'हो' असा लावायची. बघता बघता मी काकूच्या तोंडाने बोलू लागले होते.

सूज थोडी उतरायला लागली होती त्या आठवड्यातली गोष्ट. काकू म्हणाली, "रविवारी माही ननंद अन् तिच्या घरचे येतो म्हनतात तुले पाहाले. येऊ दे ना?"

निम्मं ले-आउट मला पाहून गेलं होतं. मी म्हटलं, उं. आईनेही येऊ द्या म्हटलं.

आपल्या भाषेत आजारी माणसाला पाहायला येतात आणि मुलीलाही पाहायलाच येतात. मी शिकले त्या इंग्रजी शाळेत या दोन गोष्टींना वेगवेगळे शब्द होते. आईला तर मराठीच येतं, पण आईही फसली. सुजलेल्या, टॉवेल गुंडाळलेल्या मुलीच्या बाबतीत दुसरा अर्थ तिच्या डोक्यात येणार तरी कसा?

रविवारी काकू लवकर आली आणि मला आकाशी ड्रेस घालायला सांगून गेली. मी गाऊनवरच बसले. मग तिची नणंद आली, नणंदेचे यजमान आले आणि त्यांच्या मागून कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक मुलगा आला. त्याने संत्रा बर्फीचा डबा टेबलावर ठेवला. तोंड बांधलेल्या माणसासाठी बर्फी आणणारे हे लोक अडाणी असावेत, असं मला वाटलं. नणंदबाईंनी कुठे दुखतं वगैरे काही विचारलं नाही. पदवी विचारली, पगार विचारला. मग म्हणाल्या, "उंची किती?"

आजारी माणसाची उंची कोणी विचारत नाही. मी आईकडे पाहिलं. आईचा हात ट्रेवर तसाच राहिला होता.

काकू मात्र सुरू झाली होती. पोट्टी गाडीवरून पडली. वर्धा रोडवर मागून कोणीतरी ठोकलं, तिची काही गलती नाही. पडली ती नेमकी जबड्यावर. लोकांनी उचलून रिक्षात घातली. दुपट्टा रक्तानं भिजला होता. ती इतकं रंगवून सांगत होती की मला तो रस्ता आणि ती रिक्षा दिसायला लागली. मुलगा अस्वस्थ होऊन ऐकत होता.

"म्हनजे पैले चेहरा चांगला होता," नणंदबाई म्हणाल्या.

"तं काय," काकू म्हणाली. "नजर लागन असा."

मी आईच्या बोलण्याची वाट पाहिली. आईने मान खाली घातली आणि कप गोळा करायला घेतले. आत्ताच तर चहा दिला होता, कप अर्धे भरलेले होते. ती ते घेऊन आत गेली.

तेव्हा मला कळलं की मी आत्ता बोलले नाही तर हा अपघात झालेला असेल. कायमचा. आणि ज्या चेहऱ्याने मी इतकी वर्षं शाळेत गेले, नोकरीला लागले, तो चेहरा कधी नव्हताच, असं ठरेल. तो मला आवडत होता असं नाही. पण तो लपवायची वस्तू आहे, हे माझ्या घरात बसून काकू ठरवणार?

मी दात न उघडता म्हणाले की मी पडले नाही, जबडा आधीपासूनच असा होता. शब्द रबरांमागे चेंगरले. लाळ गळली असावी, कारण मुलाने नजर वळवली.

"म्हनते, पडली तवा लय दुखलं," काकूने सांगितलं.

मी फोन उघडला. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी बाजूने काढलेला फोटो त्यात होता. नाक, ओठ आणि त्यांच्या पुढे आलेली हनुवटी, सगळं स्वच्छ. मी फोन काकूच्या समोरून नेऊन त्या मुलाच्या हातात दिला आणि पुन्हा म्हणाले. एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "पडले नाही. असाच होता."

त्याने फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि फोन आपल्या आईला दिला. नणंदबाईंनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग काकूकडे वळून म्हणाल्या, "वहिनी, मले फसवून राहिली होती का तू?"

ते गेले. बर्फीचा डबा घेऊन गेले.

काकू गेली नाही. ती दारात उभी राहिली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. काकूने आईला सांगितलं की सूज आहे तोवर दाखवून टाकायचा विचार होता, सूज उतरल्यावर लोक आधी कसं होतं ते विचारतात. हे ती अशा आवाजात म्हणाली की चूक आमचीच. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माहे दात पुढं होते. पाहाले आले तवा माय म्हने, तोंड उघडू नको. नाही उघडलं. झालं ना लगन?"

तिचे दात मला नेहमी सरळ, एकसारखे दिसत आले होते. ती कवळी आहे हे मला माहीत नव्हतं.

"मग?" आईने विचारलं.

"मग काय. सासू म्हने, मुकी समजून आनली, तं हे ध्यान निघालं." ती थोडी हसली. "तवापासून बोलूनच राहिली मी."

तुम्हाला वाटेल की इथे माझं मन पाघळलं. मला त्या गप्प बसवलेल्या मुलीचं वाईट वाटलं. पण तीच मुलगी मोठी होऊन माझ्या दारात उभी होती आणि तिने मलाही गप्पच बसवलं असतं. मी उठले आणि दार लावून घेतलं.

ती त्यानंतर आली नाही. डाळीचं पाणी बंद झालं आणि मी आईच्या सुपांवर आले. रबरं निघाली, जेवण सुरू झालं, मी ऑफिसला जाऊ लागले. ती भाजीच्या ठेल्यापाशी भेटायची आणि माझ्याकडे न बघता ठेलेवाल्याला सांगायची की आजकाल डॉक्टर जबड्यात लोखंड टाकतात, त्यामुळे पोट्ट्यांच्या जिभेला धार येते. मी भेंड्या निवडत राहायची. आई आणि मी त्या रविवारबद्दल कधीच बोललो नाही. आई कप घेऊन आत गेली, ते मात्र माझ्या मनातून जात नव्हतं.

दिवाळीनंतर काकूच्या मुलाने तिला हैदराबादला नेलं. ती जाताना आईला भेटून गेली. मी ऑफिसमध्ये होते. घर भाड्याने दिलं.

नवीन भाडेकरीण परवा आमच्याकडे आली, माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. माझ्या दातांवर अजून तारा आहेत. त्यांच्याकडे पाहून ती सहानुभूतीने म्हणाली की वर्धा रोडच्या अपघाताचं तिला कळलं आहे. घराची किल्ली देताना आधीच्या काकूंनी सगळं सांगितलं होतं. पोट्टी फार हिमतीची, एवढं लागलं पण एकदाही रडली नाही, असंही त्या म्हणाल्या होत्या.

मी तोंड उघडलं. पण आई माझ्या आधी बोलली.

"अपघात नाही झाला," ती म्हणाली. "जबडा पुढे होता हिचा, लहानपणापासून. तो कापून मागे घेतला."

तिचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा होता. बोलून झाल्यावर ती तशीच उभी राहिली, समोरून काहीतरी येईल म्हणून.

"अच्छा," ती भाडेकरीण म्हणाली, आणि इथे नळ किती वाजता येतो ते विचारू लागली.