मुसळीच्या पाकिटावरचा चेहरा

जानकीआई गेल्याचे तिच्या सुनेने, मंगलने, मला फोनवर सांगितले. त्याला तीन आठवडे झाले. तिची आठवण काढायला बसलो की आधी राग उसळतो... आणि त्यातला बराचसा माझ्यावरचा आहे.

जव्हारजवळच्या दाभोशाला मी मास्तर होतो. पावसाळ्यात जानकीआई रानातल्या मुसळीचा कोवळा पाला आणून द्यायची. कांद्यावर परतायची ती भाजी माझ्या बायकोला तिनेच शिकवली. आमची मुलगी झाली तेव्हा बायकोला दूध येईना. मुसळीचा वाळलेला कंद कुटून, दुधात शिजवून, जानकीआई रोज स्वतः पाजायला यायची. आसपासच्या कितीतरी बाळंतिणींचे तिने असेच केले.

पुढे मी जव्हारला आलो. तिथे एका औषध कंपनीची माणसे भेटली. ‘रानातल्या औषधांची जाणकार बाई दाखवा,’ म्हणाली. मीच त्यांना तिच्या अंगणात नेले. तिने रान दाखवले, फोटो काढू दिला. बजावले एवढेच, “बी पडू दे. पाला सुकला का मंग खणा. नि अर्धा ठेवा.”

ते भर श्रावणात आले, मुसळी फुलावर असताना. तिने दाखवलेला सगळा उतार उकरला. ती कुदळींपुढे जाऊन बसली, तर मुकादम म्हणाला, “म्हातारे, रान काय तुझ्या बापाचं?” आणि दोघांनी तिला उचलून बाजूला ठेवले. सामान ठेवावे तसे! मी वनखात्याकडे अर्ज केला. ‘चौकशी करू,’ एवढेच उत्तर मिळाले.

मग मंगलच्या नवऱ्याने ठाण्याहून त्याच कंपनीच्या मुसळी पावडरीचे एक पाकीट आणले. वर जानकीआईचा चेहरा. तिला वाचता येत नव्हते, मी अडखळलो...

“वाच ना गुरजी.”

‘मर्दानी ताकदीचे आदिवासी रहस्य,’ मी वाचले.

जन्मभर बाळंतिणींची सेवा केलेल्या त्या बाईने पदराने तोंड झाकले. “माझा तोंड याच्यावर? मना कोनी विचारला?” त्यानंतर ती जव्हारच्या बाजाराला कधी आली नाही.

बाराव्याला तिच्या घरी होतो, तेव्हाच कंपनीतून फोन आला. “आजी वारल्या असं कळलं. तुमच्याकडे दुसरं कुणी आहे का?” तोंडात आले ते सगळे त्याला ऐकवले आणि फोन बंद केला.

मंगलने ते ऐकले. ती मला चुलीमागे घेऊन गेली. तिथे मडक्यातल्या मातीत पुरलेले मूठभर कंद होते. जानकीआईने लांबच्या डोंगरावरून आणलेले.

“पाऊस लागला का लावनार,” मंगल म्हणाली. “कुठं लावनार, ते आता कोनाला सांगायचा नाय.” तिने मडके पुन्हा झाकले. “गुरजी, तुमालाबी नाय.”