प्रतिकारशक्तीचे मोफत वाटप

असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. राग गिळत गेले की ते आपोआप जमतात. नाशिकच्या आमच्या रुग्णालयात यकृताच्या कर्करोगावरील नव्या औषधाची चाचणी सुरू झाल्यापासून माझ्याकडे बरेच साठले आहेत. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या काही पेशी यकृतात मुबलक असतात. गाठीपाशी मात्र त्या सुस्तावतात. त्यांना जागे करायचे, एवढेच या औषधाचे काम. त्या ‘एवढेच’मध्ये माझी उमेदीची वर्षे गेली आहेत.

*

उद्घाटनाला संचालक सर म्हणाले, "आमच्या मॅडम पेशंटची इम्युनिटी वाढवतात."

"वाढवत नाही, सर. नेमकी तेवढी जागी करते. सरसकट भडकली तर ती यकृतावरच उठेल."

"तेच ते. लोकांना सोपं सांगायचं असतं."

आणि त्यांनी लोकांना सोपे सांगितले.

*

मार्केटिंगवाल्यांनी पोस्टर केले: हातात ढाल घेतलेले, दात काढून हसणारे यकृत.

"हसतंय कशाला?"

"निगेटिव्ह नको, मॅडम. पेशंट घाबरतात."

"त्यांना कॅन्सर आहे, म्हणून घाबरतात."

पोस्टर लागलेच. माझ्या आग्रहाखातर फक्त दात पुसले.

*

दौलतअण्णा दिंडोरीकडचे; जन्म द्राक्षबागांच्या छाटणीत गेला. शस्त्रक्रिया शक्य नव्हती, आधीची औषधे निष्प्रभ ठरली होती. आमच्या औषधाने त्यांची गाठ आकसू लागली. मी बजावले: काढा, चूर्ण, गुळवेल, काहीही घ्यायचे नाही. यकृताला इजा झाली, तर हे औषध बंद करावे लागेल.

त्यांची पत्नी यमुनाबाई म्हणाल्या, "आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हातानं येत नाय. घेतलं नाय तर माणसं तुटतील."

"तुटू द्या."

"तुमचं बरंय. शहरात आधीच तुटलेली असतात."

*

साडू गुळवेलीचा काढा घेऊन आला. अण्णांनी तो त्याच्यादेखत मोरीत ओतला.

"बागेला मालक सांगेल तेवढंच औषध मारायचं," तपासणीला आल्यावर अण्णा मला समजावू लागले. "आता बाग मी, अन् मालक तुम्ही."

साडूने लेकीच्या साखरपुड्याचे बोलावणे केले नाही. अण्णा म्हणाले, "जाऊ द्या. त्याच्याकडं जेवण लय बेताचंच असतं."

*

मग संचालक सरांचा ‘इम्युनिटी सप्ताह’ आला. प्रायोजकाचे टेबल थेट माझ्या विभागाच्या दारात, वर हिरव्या कॅप्सूलची मोफत पाकिटे.

"कर्करोगाच्या रुग्णांना हे वाटू नका. यात काय आहे, ते कोणालाच ठाऊक नाही."

"नॅचरल आहे, मॅडम."

"धोतराही नॅचरलच असतो, सर."

"तुम्ही फार सिरियस होता."

तरीही माझ्या हरकतीची दखल घेतली गेली. टेबल हलवले, खाली, नोंदणीच्या काउंटरपाशी.

*

पुढच्या तपासणीला अण्णा आले ते पिवळे डोळे घेऊनच. रक्ताचा अहवाल पाहिला आणि औषध तिथल्या तिथे थांबवले. मग मी यमुनाबाईंवर बरसले.

"काय दिलंत यांना? पुन्हा साडू आला होता? खरं सांगा."

त्या रडू लागल्या. अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून एक रिकामे पाकीट काढले आणि माझ्या टेबलावर सरळ करून ठेवले. त्यावर ढाल घेतलेले यकृत होते, दात पुसलेले.

"पाव्हण्यारावळ्यांचं काय बी घेतलं नाय, मॅडम," ते म्हणाले. "हे तेवढं तुमचं म्हणून घेतलं."