भुताची चादर

आमच्या सोसायटीला आता हॅलोविनही करायचा असतो. विकतचे पोशाख भलतेच महाग, म्हणून मी जुनी पांढरी चादर काढली. डोक्यावरून टाकायची, डोळ्यांपुरती दोन भोकं पाडायची, की झालं भूत. सात वर्षांची माझी मुक्ता चादरीखाली जाऊन उभी राहिली. खुणा करायला मी निळा खडू उचलला आणि हात तसाच राहिला.

डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला, बिनचेहऱ्याचा माणूस मी एकदाच पाहिला आहे. कोविडमध्ये बाबांना असंच गुंडाळून दिलं होतं. आपल्याकडे माणूस गेला तरी शेवटपर्यंत चेहरा उघडा ठेवतात. तेवढ्या दर्शनासाठी लांबून येणाऱ्यांची वाट बघतात. मी मात्र वर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि हात जोडले. आत बाबाच होते, असं मी आजही धरून चालते.

"आई, मला काहीच दिसत नाहीये," चादरीतून आवाज आला.

मी खडूने एक मोठा गोल काढला, चादर उतरवली आणि कपाळापासून हनुवटीपर्यंतचं सगळं कापड कापून टाकलं.

आरशात बघून मुक्ता हिरमुसली. "असं कुठे भूत असतं? माझं तोंड दिसतंय!"

"दिसू दे," मी म्हणाले.