सुलोचनाबाईंची एक अट

कागद इंग्रजीत होता. सुलोचनाबाईंनी तो उलटसुलट पाहिला आणि मला परत दिला.

"इंग्रजी नाही जमत मले. तुमी वाचून सांगा सर."

आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगुजवळच्या गावात त्यांच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. मी सिनेमांसाठी संशोधन करतो. खऱ्या आयुष्यावरून सिनेमा निघतो तेव्हा त्या माणसांना भेटणं, माहिती घेणं आणि शेवटी 'रिलीज'वर सही घेणं हे माझं काम. रिलीज म्हणजे गोष्ट वापरायचं संमतीपत्र.

बाई दहावी शिकलेल्या. नवरा धर्माजी शेतमजूर, निरक्षर. लग्नानंतर बाईंनी त्यांना वाचायला शिकवलं, परीक्षांना बसवलं. पुढे ते तहसील कचेरीत कारकून झाले. आता ते नव्हते.

"एकच अट हाय," बाई म्हणाल्या. "वाचाले म्या शिकवलं त्यायले. बाकी गाणे टाका, मले गोरी दाखवा. हे नका बदलू."

मी बाजूला जाऊन दिग्दर्शकाच्या असिस्टंटला फोन केला. तो म्हणाला, "हो म्हणा ना सर. आधी सही घ्या." परत येऊन मी बाईंना हो म्हणालो.

सहाव्या कलमात लिहिलं होतं की, सिनेमा 'प्रेरित' असल्यामुळे कथेत कोणताही बदल करता येईल. पाच कलमं मी मराठीत नीट सांगितली. सहाव्याला म्हणालो, "हे नेहमीचंच आहे." बाईंनी सही केली.

पुढे मोठा हिरो मिळाला. तो बायकोकडून बाराखडी शिकताना शोभणार नाही, असं ठरलं. सिनेमात तोच तिला शिकवतो.

आदिलाबादच्या थेटरात मी बाईंच्या शेजारी बसलो होतो. बाहेर आल्यावर म्हणालो, "चूक माझी आहे. बदल करता येईल, असं कागदात होतं."

"तुमी वाचलं नव्हतं का?"

"वाचलं होतं."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

सही हवी होती, एवढंच उत्तर होतं.

यंदा बाई गेल्या. विहारातल्या शोकसभेत एक तरुण शिक्षक बोलले. धर्माजींनी निरक्षर बायकोला कसं घडवलं, ते त्यांनी मनापासून सांगितलं. जुनी माणसं एकमेकांकडे पाहत राहिली. मी मागे बसलो होतो. उठलो नाही.

आता मी संमतीपत्र आधी मराठीत लिहून देतो, चार दिवस घरी ठेवायला सांगतो. अट असेल तर ती सिनेमावाल्यांना कागदातच घालायला लावतो. त्यामुळे दोन कामं हातची गेली. खरं तर सगळ्यात आधी सुलोचनाबाईंचंच काम हातचं जायला हवं होतं.