पूजेतून उचललेला पाना

एकवीरा आईनं भर नवरात्रात एका गाडीवाल्यासाठी मेकॅनिक धाडला, असा एक अनुभव सुकापुरात अजून सांगतात. ऐकणारे हात जोडतात. त्यातला तो मेकॅनिक मी. आईच्या कृपेवर शंका घ्यावी एवढी माझी लायकी नाही. पण हा अनुभव ऐकताना इतकी वर्षं माझी मान खाली जात आली आहे, आणि ती का, हे आता सांगायला हवं.

पनवेलला जुन्या पुणे रस्त्यावर माझं गॅरेज होतं. एक्सप्रेसवे तेव्हा व्हायचा होता. गॅरेजवाला म्हणजे लुबाडणारा, हे लोकांनी धरूनच ठेवलेलं असे आणि त्यात फारसं खोटंही नव्हतं. सुकापूरचे धर्मादादा त्यांची जुनी अ‍ॅम्बेसेडर मात्र माझ्याकडेच आणत. "यो गडी उगाच काम काढत नाय," असं ते चारचौघांत सांगत आणि मी मनातून फुलून जाई. पुढे पुढे त्या कौतुकाची मला चटकच लागली. एखादा पार्ट लवकरच दगा देणार हे दिसत असूनही मी गप्प बसू लागलो. सांगितलं तर हाही शेवटी तसलाच, असं कुणाला वाटलं तर? या गप्प बसण्याला मी प्रामाणिकपणा समजत होतो.

त्या वर्षी खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडली होती. पाने, पकडी, जॅक, सगळं हळदकुंकू लावून आईच्या फोटोपुढे ठेवलेलं. दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. सकाळीच धर्मादादा गाडीला हार घालून घ्यायला आले. नातवाचं जावळ काढायला घरचे सगळे कार्ल्याला, आईच्या डोंगरावर निघाले होते. दादांची बायको, हिराकाकू, बाळाला मांडीवर घेऊन मागे बसल्या होत्या. मी चाकाखाली लिंबू ठेवायला वाकलो, तर ब्रेकचा रबरी पाइप फुगून त्याला चिरा पडलेल्या दिसल्या. घाट चढताना तो टिकला असता. उतरताना, ब्रेक पुन्हा पुन्हा दाबल्यावर, त्याचा काही भरवसा नव्हता. नेमके तेव्हाच दादा शेजारी उभ्या गिऱ्हाइकाला माझ्याबद्दलचं ते नेहमीचं वाक्य ऐकवत होते. मी उठून उभा राहिलो. हत्यारं पूजेत आहेत, सणाचा दिवस आहे, शुभकार्याला निघालेल्यांना अपशकुन कशाला, अशी कारणं भराभर सुचली. "आई सांभाळेल, सावकाश जा," एवढंच म्हणालो.

दुपारी आरतीला उभा राहिलो. फोटोकडे बघण्याची हिंमत होत नव्हती. माझं काम मी आईवर ढकललं होतं, आणि वर त्याला श्रद्धेचं नाव दिलं होतं. आरती तशीच टाकून मी पूजेतला पाना उचलला. "अहो, उचलू नये!" बायको ओरडली. नवा पाइप आणि ब्रेक ऑइल पिशवीत कोंबून मी स्कूटरला किक मारली.

चौक गावाच्या पुढे स्कूटर बंद पडली. दुसऱ्यांच्या गाड्या सुरू करणाऱ्या मला माझी स्कूटर सुरू करता येईना. रस्त्याच्या कडेला बसून मी रडलो. बाळाला काही होऊ देऊ नकोस, माझी अब्रू गेली तरी चालेल, असं म्हणालो. तेवढ्यात न्हावा शेव्याकडून आलेला एक कंटेनर आपणहून थांबला. "कहाँ?" ड्रायव्हरनं विचारलं. मी कार्ला म्हटलं, त्यानं दार उघडलं. त्यानं घाट चढवला. फाट्यावर उतरवून निघून गेला. मी त्याचं नावही विचारलं नाही.

पायथ्याशी पोहोचलो तेव्हा दादा किल्ली हातात घेऊन गाडीपाशीच उभे होते. बाळाच्या तुळतुळीत डोक्याला हळद लावलेली होती. "तू रं कसा इकरं?" दादांनी विचारलं. खरं सांगायचं म्हणूनच इतक्या लांब आलो होतो. पण तोंडातून निघालं, "दर्शनाला आलो होतो. म्हटलं, गाडी बघावी." पाइप दाखवला तशी दादांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी पाइप बदलला. हिराकाकूंनी पान्यावरचं कुंकू पाहिलं आणि त्या पान्याला नमस्कार केला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

परतताना बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं. दादा वळणावळणाला ब्रेक दाबत होते आणि मी दर वेळी त्या कोवळ्या डोक्यावर हात धरत होतो.

त्यानंतर मी दिसेल ते सांगू लागलो. काही गिऱ्हाइकं तुटली, हाही बिघडला म्हणाली. ते मी आईचा प्रसाद समजून घेतलं. दादा मात्र दर नवरात्रात मला घरी बोलावून तो अनुभव सगळ्यांना सांगत. सांगत सांगत पायथ्यापर्यंत आले की थांबत, माझ्याकडे बघत आणि म्हणत, "आता फुरचं तू सांग." पुढचं मी सांगावं म्हणतात, हा मला मान वाटे. "तुम्हीच सांगा दादा," मी म्हणे. मग तेच सांगत.

दादा गेले. त्यानंतरच्या नवरात्रात हिराकाकूंपुढे बसून मी सगळं बोलून टाकलं. त्या शांतपणे वाती वळत होत्या.

"मना तवाच कललं व्हतं," त्या म्हणाल्या. "दर्शनाला येनारा मानूस पिशवीत पाइप घेऊन येतो काय?"

"आणि दादांना?"

"त्यांना बी. म्हनून तं तुला म्हनायचे, फुरचं तू सांग."

आईनं मला वेळेत पायथ्याला पोहोचवलं, ते उपकार जन्मभर फिटणार नाहीत. त्या बदल्यात मी सोडायचं होतं ते एवढंच, लोक काय म्हणतील हे भय. तेवढं माझ्या हातून दादा होते तोवर सुटलं नाही. ते दर वर्षी माझ्यासाठी थांबत होते.