बोहारीण गल्लीत येत नाही

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आता आमच्या गल्लीच्या तोंडाशीच पाटी उतरवते. साडीचा काठ ओढून बघते आणि दर वेळी म्हणते, "लई विरलीय की, आक्का!"

मागच्या उन्हाळ्यात तिला गल्लीत भोवळ आली. मी वळसंगला गेले होते. तिनं दारोदार पाणी मागितलं. बायकांनी खिडकीतून पाहिलं, पण चोर असेल म्हणून दार कुणीच उघडलं नाही.

काल मी म्हटलं, "घरी चल, चहा घे."

"नगं, आक्का. तुमचं काय न्हाय, पन गल्ली वाईट हाय. भ्या वाटतं हितं."

ज्या वस्तीत पाऊल टाकू नको म्हणून आम्ही सुनांना बजावतो, तिकडं ती निवांत चालू लागली.