दोन कौलं आणि ज्योतीरामचा कॅमेरा

ज्योतीराम म्हणजे अवलिया माणूस. साताऱ्याकडून पिंपरीच्या औषध कारखान्यात फिटर म्हणून आला, आमच्या कासारवाडीत खोली घेतली आणि सत्तावन्न साली पुण्याच्या जुन्या बाजारातून घडीचा कॅमेरा उचलून आणला. फोटो काढायची अक्कल? शून्य!

पण गरज माझी होती. मी तालमीत मल्लखांब करायचो. माझा मामा मल्लखांबावरून पडून हात मोडून बसलेला, त्यामुळं मी तालमीला निघालो की आई, सोजराबाई, दारात आडवी यायची. बाईमाणसानं तालमीत पाऊल टाकायचं नाही, मग ती बघणार कशी? शेवटी तिनं निकालच दिला. "तू थितं काय करतूस ते दिवाळीपतोर मला दाव. न्हाईतर तालीम बंद!"

मल्लखांब सुटणार म्हणून मला अन्न गोड लागेना. ज्योतीराम म्हणाला, "भावा, मी आहे ना!" आता बोला!

पहिल्या रोलमध्ये खांबाभोवती माझ्या जागी नुसता धूर आला. तालमीत उजेड कसला, एकच खिडकी; अंधारात जरा हललं की माणूस फोटोत पुसलाच जायचा. दुसऱ्या खेपेला पठ्ठ्या ओरडला, "अजिबात हलू नकोस!" मी खांबाला धरून गपगार उभा राहिलो. फोटो स्वच्छ आला. आईनं बघून परत दिला. "असा तर तू माज्या चुलीम्होरं बी उभा ऱ्हातूस."

ज्योतीराम हिरमुसला. मग रोज शिफ्ट सुटली की कॅमेरा न उघडता कोपऱ्यात बसून नुसता बघायचा. आमचे वस्ताद आबाजी खवळले, "हितं काय तमाशा हाय व्हय?"

"वस्ताद, हा उलटा झाला की क्षणभर श्वास धरतो. तेवढाच स्थिर असतो. तेवढंच मला पाहिजे. पण उजेड नाही."

आबाजींनी मान वर करून छपराकडं बघितलं. रविवारी दुपारी स्वतः छपरावर चढले आणि खांबाच्या बरोबर वरची दोन कौलं काढली. ऊन थेट माझ्या अंगावर पडलं. मी उलटा झालो, श्वास धरला. ज्योतीरामनंही धरला. खट्!

दिवाळीच्या आदल्या दिवशी फोटो आला. मांड्यांत खांब आवळलेला, डोकं खाली, दोन्ही हात मोकळे सोडलेले. आई कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिचा एक हात सावकाश फोटोच्या खाली गेला, झेलायला पसरतात तसा.

"पडला न्हाईस नव्हं?"

"न्हाई, आये."

"मग जात जा," ती म्हणाली. पण फोटोखालचा हात तिनं काढला नाही.